छर्‍याचा वेग मोजताना: गावाकडच्या रेंजसाठी क्रोनोग्राफ कसा निवडावा

"कोणता क्रोनोग्राफ घेऊ?" म्हणजे छर्‍याचा वेग मोजणारे कोणते यंत्र घेऊ, असे विचारणार्‍याला मी आधी उलटा प्रश्न करतो: नेम कुठे मारता? मोकळ्या वावरात, शाळेच्या लांब वर्‍हांड्यात की हंगाम संपलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये? या उत्तरावरच अर्धी निवड होते. कंपनीचे नाव, आकड्यांची अचूकता, मोबाइल अ‍ॅप या गोष्टी नंतरच्या. महागडे यंत्र चुकीच्या उजेडात खोटे आकडे देते आणि स्वस्त यंत्र नीट मांडले तर कामापुरते खरे बोलते.

आधी कायद्याचे दोन शब्द, कारण क्रोनोग्राफवरची बहुतेक माहिती परदेशातली असते. तिथले नेमबाज काडतुसे स्वतः भरतात. दारू किती घातली की गोळी किती वेगाने जाते, हे पाहत पाहत ते आपल्या बंदुकीला मानवणारा भरणा शोधतात आणि त्यासाठी क्रोनोग्राफ वापरतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळे घरी काडतूस भरण्याचा विचारसुद्धा नको. विदर्भाला दारूगोळा नवा नाही. भद्रावती, जवाहरनगर आणि अंबाझरीला आयुध निर्माणी आहेत, पुलगावला मोठे दारूगोळा भांडार आहे. पण ते काम तिथल्या कुंपणाच्या आतले. आपल्या हातात असते ती एअर रायफल. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे ४.५ मिमीपर्यंतची नळी आणि नळीच्या तोंडाशी २० ज्यूलपर्यंत ऊर्जा असलेल्या एअर रायफलला परवाना लागत नाही. तरीही पक्षी, ससा, रानडुक्कर यांच्यावर ती रोखायची नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ तिथे लागू होतो, आणि पिकाचे नुकसान झाले म्हणून आपण हातात बंदूक घ्यावी अशी मुभा तो देत नाही.

काडतूस भरणारा जे करतो, त्याचाच साधा प्रकार एअर रायफलवाला छर्‍यांच्या बाबतीत करतो. कोणत्या डब्यातला, किती वजनाचा, किती डोक्याच्या मापाचा (म्हणजे पुढच्या टोकाच्या व्यासाचा) छर्रा आपल्या नळीला मानवतो ते शोधायचे. तिथे क्रोनोग्राफ लागतो.

यंत्राकडून नेमके काय हवे ते ठरवा

लोक साधारण तीन कामांसाठी क्रोनोग्राफ घेतात, आणि प्रत्येक कामाला वेगळ्या दर्जाची अचूकता लागते.

पहिले काम म्हणजे रायफल कायद्याच्या मर्यादेत आहे का ते पाहणे. ऊर्जेचा हिशेब साधा आहे: छर्‍याचे वजन किलोग्रॅममध्ये, गुणिले वेगाचा वर्ग, भागिले २. छर्रा ०.५३ ग्रॅमचा असेल तर २० ज्यूल गाठायला साधारण २७४ मीटर प्रतिसेकंद वेग लागतो, म्हणजे ९०० फूट प्रतिसेकंद. रायफलच्या खोक्यावर वेगाचा कितीही मोठा आकडा छापलेला असो, तो बहुधा हलक्या मिश्रधातूच्या छर्‍याने मोजलेला असतो. ०.३३ ग्रॅमचा हलका छर्रा ३०५ मीटर वेगाने गेला तरी ऊर्जा १५ ज्यूलच्या आसपासच राहते. तोच वेग ०.५३ ग्रॅमच्या शिशाच्या छर्‍याला दिला तर २४ ज्यूलच्या पुढे जाते. या कामाला क्रोनोग्राफ एक-दोन टक्के इकडेतिकडे असला तरी चालतो, फक्त मर्यादेच्या जवळ असाल तर चालत नाही. आणि तुमच्या यंत्राचा आकडा तुमच्या समाधानापुरता आहे, कुठल्या चौकशीत पुरावा म्हणून नाही. जास्त ताकदीची स्प्रिंग बसवून वेग वाढवायचा खेळ तर करूच नका.

दुसरे काम, रायफलची प्रकृती तपासणे. स्प्रिंग थकली का, सील फाटले का, सिलिंडरच्या हवेवर चालणार्‍या रायफलचा रेग्युलेटर, म्हणजे हवेचा दाब सारखा राखणारा भाग, ठीक आहे का. इथे वेगाचा खरा आकडा काय, यापेक्षा मागच्या महिन्यापेक्षा आज किती बदलला हे महत्त्वाचे. यंत्र दरवेळी दोन टक्के जास्त दाखवत असेल आणि नेहमी तितकेच दाखवत असेल, तर काही बिघडत नाही.

तिसरे आणि सगळ्यात नाजूक काम म्हणजे छर्‍यांची निवड. १० मीटर एअर रायफलच्या स्पर्धेतला छर्रा साधारण १७५ मीटर प्रतिसेकंद वेगाने सुटतो, वजन ०.५३ ग्रॅम, म्हणजे ऊर्जा ८ ज्यूल. १० मीटर जायला त्याला सुमारे ६० मिलिसेकंद लागतात आणि तेवढ्या वेळात तो १७ ते १८ मिमी खाली येतो. वेगात एक टक्क्याचा फरक पडला, तर तो दोन टक्के कमी-जास्त खाली येतो, म्हणजे एक तृतीयांश मिमीच्या आसपास. स्पर्धेच्या टार्गेटवर एका वर्तुळाची रुंदी २.५ मिमी, आणि दशांशातला एक गुण पाव मिमीला मिळतो. म्हणजे वेगातला एक टक्का, एका दशांशाहून जरा जास्त. पोराचा नेम अजून नवव्या वर्तुळात डगमगत असेल तर या दशांशाचा विचार करू नका. दहाच्या आसपास सातत्याने बसायला लागला की मग ही गोष्ट दिसू लागते.

म्हणून छर्‍यांच्या कामाला यंत्राचा आकडा खरा असण्यापेक्षा एकसारखा असणे जास्त मोलाचे. एका छर्‍यापासून दुसर्‍या छर्‍यापर्यंत यंत्राची स्वतःची चूक अर्ध्या टक्क्याच्या आत हवी, नाहीतर छर्‍याचा दोष की यंत्राचा, हे कळणार नाही.

यंत्रांचे प्रकार आणि ते कुठे नडतात

उजेडावर चालणारे पडद्यांचे यंत्र जुने आणि स्वस्त. दोन सेन्सर एका पट्टीवर ठराविक अंतरावर बसवलेले असतात, वर पांढरे पडदे असतात. छर्रा एकावरून जाताना सावली पडते, घड्याळ सुरू होते. दुसर्‍यावरून गेला की बंद होते. कॅल्डवेल आणि प्रोक्रोनो हे या घराण्यातले नावाजलेले. सेन्सरमधले अंतर ३० सेंमी आणि वेग १७५ मीटर असेल, तर मधला वेळ जेमतेम १.७ मिलिसेकंद. एका सेन्सरने छर्‍याची सावली २ मिमी उशिरा पकडली, तर आकडा साधारण दोन तृतीयांश टक्क्याने चुकतो. सेन्सरमधले अंतर दुप्पट केले, तर तीच चूक निम्मी होते. म्हणून दुकानात दोन यंत्रे समोर असतील तर सेन्सरमधले अंतर ज्याचे जास्त ते घ्या. पट्टीवरचा डिस्प्ले किती मोठा, याला काही अर्थ नाही.

याच यंत्राची दुखरी नस म्हणजे उजेड. आपल्याकडे मे महिन्यात दुपारचे ऊन पांढरेफटक असते. सूर्य थेट सेन्सरच्या फटीत गेला की सावली कळत नाही. पडद्यावर बटर पेपर किंवा पतंगाचा पांढरा कागद ताणून लावला तर उजेड सारखा पसरतो. शेडमध्ये ट्यूबलाइटखाली तर वेगळाच त्रास. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून साधी ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, सेन्सरला दिसते. पोरे म्हणतात, "सर, मशीन येड्यावानी करून राहिलं," आणि दोष असतो ट्यूबचा. यावर सोपा उपाय म्हणजे मोटारसायकलच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर एलईडीची पट्टी लावणे. बॅटरीची वीज सरळ असल्याने पट्टी लुकलुकत नाही, आणि लोडशेडिंग असले तरी काम थांबत नाही. पट्टीला उजेड कमी-जास्त करणारा रेग्युलेटर लावू नका, तो पुन्हा लुकलुक सुरू करतो. जुना पिवळा बल्बसुद्धा चालतो.

जिनिंगच्या शेडमध्ये आणखी एक वैताग. हंगाम संपला तरी कोपर्‍याकोपर्‍यात रुईचे तंतू अडकलेले असतात. वारा आला की ते उडून सेन्सरवर बसतात किंवा मधूनच समोरून जातात, आणि यंत्र आपणहून एक आकडा दाखवते. पावसाळ्यात संध्याकाळी दिव्याभोवती जमणारे किडे हेच करतात. रेंज सुरू करण्याआधी सेन्सरच्या काचा मऊ ब्रशने झाडा. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब चिकटतात.

या यंत्रांतच इन्फ्रारेड दिव्याचा एक प्रकार आहे. त्यात स्वतःचा उजेड असल्यामुळे खोलीतल्या प्रकाशावर कमी अवलंबून राहावे लागते. शेडमध्ये किंवा घरात सराव करणार्‍याला हा जास्त मानवतो.

बोगद्याचे यंत्र हे छोटेसे असते, छर्रा मधून जातो. एक्सकॉर्टेकसारखी यंत्रे मुख्यत: खेळण्यातल्या प्लॅस्टिकच्या छर्‍यांसाठी बनलेली, पण ४.५ मिमीच्या छर्‍यावरही चालतात. खिशात मावते, बाहेरच्या उजेडाचा फारसा संबंध नसतो, मांडायला वेळ लागत नाही. अडचण अशी की सेन्सरमधले अंतर काही सेंटिमीटरच असते, त्यामुळे थोडी चूकही टक्केवारीत मोठी होते. रायफलची प्रकृती तपासायला उत्तम. दशांशाचा हिशेब यावर करू नका. आणि नळीची रेषा बोगद्याच्या मध्यावर नसेल तर छर्रा कडेला घासून यंत्र फुटते, तुकडे उडतात. चष्मा घातल्याशिवाय याच्याजवळ जाऊ नका.

रडारचा क्रोनोग्राफ हा आजचा राजा. लॅबरडारने तो सामान्य नेमबाजापर्यंत आणला, २०२३ साली आलेल्या गार्मिन झीरो सी१ प्रोने तो तळहातावर बसेल एवढा लहान केला. एफएक्स ही स्वीडिश एअर रायफल कंपनीही मोबाइलला जोडायचे छोटे रडार विकते. हे यंत्र नळीच्या बाजूला ठेवायचे. रेडिओ लहरी सोडून परत येणार्‍या लहरींच्या बदलातून वेग काढते. छर्रा त्याच्यातून जात नसल्यामुळे यंत्र फुटायची भीती नाही, उजेड कसाही असो, रुईचे तंतू उडोत, काही बिघडत नाही. गार्मिन आपली अचूकता ०.१ टक्क्याची सांगते. अमेरिकेत ते बाजारात आले तेव्हा किंमत ६०० डॉलरच्या आसपास होती. आपल्याकडे आणताना वर आयात खर्च येतो, शिवाय रेडिओ लहरी वापरणार्‍या उपकरणांना दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता लागते. परदेशातल्या नातेवाईकाकडून मागवायचे असेल तर कस्टममध्ये अडकण्याचा धोका आधीच लक्षात घ्या.

लॅबरडारबद्दल एक गोष्ट. ते आवाजावरून सुरू होते, आणि एअर रायफलचा आवाज मंद असतो. त्यामुळे त्याला एअर रायफलसाठी वेगळा जोडभाग लागू शकतो. घेताना विचारून घ्या. शिवाय कोणत्याही रडारसमोर पंखा, कुलर, हलणारा पत्रा ठेवू नका. आपल्याकडे उन्हाळ्यात कुलर बंद करा म्हटले तर लोक मारायला धावतात, पण रडारच्या समोरून तो हलवा एवढे सांगता येईल.

पैसे नसतील तर मोबाइलनेही होते

खेड्यातल्या शाळेला ५०-६० हजाराचे यंत्र परवडत नाही. अशा ठिकाणी मी आवाजाची पद्धत सुचवतो. तिला मोबाइलचे रेकॉर्डर आणि एक लॅपटॉप पुरेसा आहे. ऑडॅसिटी नावाचे मोफत सॉफ्टवेअर आवाजाचा आलेख काढून दाखवते.

मोबाइल नळीच्या तोंडापासून आणि टार्गेटपासून बरोबर सारख्या अंतरावर, रेषेच्या बाजूला ठेवायचा. रायफलच्या 'फट्' आणि टार्गेटवरच्या 'टक' या दोन्ही आवाजांना मोबाइलपर्यंत यायला सारखाच वेळ लागतो, म्हणून आलेखावरच्या दोन टोकांमधला वेळ म्हणजेच छर्‍याचा प्रवासाचा वेळ. अंतर भागिले वेळ केले की सरासरी वेग मिळतो. रेकॉर्डिंग सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचे असेल तर एक नमुना ०.०२ मिलिसेकंदाचा, ६० मिलिसेकंदांच्या तुलनेत नगण्य. खरी चूक आवाजाची सुरुवात कुठून धरली यात होते, त्यामुळे दरवेळी सारख्याच ठिकाणी रेघ धरा. टार्गेटच्या मागे पत्रा असेल तर 'टक' स्पष्ट येतो, पण नुसता पत्रा नको; कारण पुढे मांडणीत दिले आहे.

मोबाइल बंदुकीजवळ ठेवायची आळशी पद्धत करू नका. मग टार्गेटचा आवाज परत यायचा वेळ वजा करावा लागतो, आणि तो हवेच्या तापमानावर बदलतो. २० अंशाला आवाज ३४३ मीटर प्रतिसेकंद जातो, आणि ४५ अंशाला साधारण ३५८. दहा मीटरला हा फरक सव्वा मिलिसेकंदाचा, म्हणजे आपल्या ६० मिलिसेकंदांत दोन टक्क्यांची चूक. ब्रह्मपुरी किंवा चंद्रपूरच्या मे महिन्यात ४५ अंश ही काही विशेष गोष्ट नाही. मोबाइल मध्यावर ठेवला की हा सगळा त्रास आपोआप संपतो.

या पद्धतीत मिळणारा वेग नळीच्या तोंडाशी असलेल्या वेगापेक्षा थोडा कमी असतो, कारण हवेने छर्रा वाटेत मंदावतो. ऊर्जेची मर्यादा तपासायला हा आकडा वापरू नका. छर्‍यांची तुलना करायला चालेल.

मांडणी: क्रमाने

रायफल रिकामी करा, बोल्ट उघडा ठेवा. नळीच्या तोंडापासून टार्गेटच्या मध्यापर्यंत एक सूत बांधा आणि यंत्र त्या सुतावर आणून ठेवा. पडद्यांचे यंत्र असेल तर सूत दोन्ही सेन्सरच्या मधोमध आणि सुचवलेल्या उंचीवर जायला हवे. पट्टी सुताला समांतर आहे की नाही ते बघा. तीन अंशांनी वाकडी असेल तर फक्त ०.१४ टक्क्याची चूक, पण पाच अंशांना ती ०.४ टक्क्यांवर जाते. डोळ्याने तीन अंश ओळखता येतात. यंत्र नळीपासून अर्धा ते एक मीटर पुढे, हवेचा झोत सेन्सरला लागणार नाही एवढे.

टार्गेटच्या मागे छर्रा अडवणारी पेटी हवीच. जाड लाकडावर रबरी चटईचा तुकडा ठोकला की काम भागते. नुसता पत्रा लावला तर चपटे झालेले शिसे उलटून येते. शेडमध्ये येणारी दारे बंद ठेवा, शेजारी बकर्‍या चरत असतील तर आणखी काळजी घ्या. सगळ्यांनी चष्मे घालायचे, बघायला आलेल्या पाटलांच्या नातवानेसुद्धा.

सूत काढा. रायफल टेकवून, एकाच ठिकाणी धरून, सुरुवातीचे पाच-सहा छर्रे वाया घाला. स्प्रिंगच्या रायफलमध्ये तेल घातल्यावर सुरुवातीला नळीतून धूर येतो आणि वेग अवाच्या सवा वाढतो. तेलाच्या वाफा दाबाने पेटल्यामुळे ते होते. धूर थांबेपर्यंत काही मोजू नका, आणि वेग वाढावा म्हणून मुद्दाम तेल टाकू नका, सील जळते.

मग दहा छर्रे मोजा. पाच पुरत नाहीत, आणि त्याचे कारण गणिती आहे. पाच छर्‍यांच्या मोजणीवरून प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचे माप, काढले तर खरे विचलन त्याच्या ०.६ पटही असू शकते आणि तिपटीच्या जवळही. दहा छर्‍यांना हीच अनिश्चितता साधारण ०.७ ते १.८ पट असते, वीसला ०.७६ ते १.४६. पाचांवर 'हा डबा चांगला, तो वाईट' असे ठरवणारा माणूस काटा-छापा करतो.

एक उदाहरण घेऊ. समजा आकडे असे आले: १७४.२, १७३.८, १७४.९, १७४.०, १७३.५, १७४.४, १७४.१, १८१.७, १७३.९, १७४.३. आठवा आकडा वेगळा आहे. तो धरला तर प्रमाण विचलन २.४, सोडला तर ०.४. एका आकड्याने डबा नापास व्हायचा की पास, हे ठरते. अशा वेळी आकडा गपचूप खोडून टाकू नका. टार्गेटचे कागद पाहा. आठव्या छर्‍याचा वेग खरोखर चार टक्क्यांनी जास्त असेल, तर तो बाकीच्यांपेक्षा सव्वा ते दीड मिमी वर बसायला हवा. प्रत्येक छर्रा वेगळ्या कागदावर मारला असेल आणि रायफल घट्ट टेकवली असेल, तर हे दिसते. नाही बसला, तर बहुधा यंत्र चुकले: सेन्सरवर रुई होती, ट्यूब चालू होती, छर्रा कडेने गेला. मग दहा नव्याने मोजा. वर बसला असेल, तर तो छर्रा खराब होता आणि डब्यात तसे आणखी असण्याची शक्यता आहे. आकड्याला टार्गेटची साक्ष लागते. साक्षीशिवाय क्रोनोग्राफवर विश्वास ठेवू नका.

हवेच्या रायफलला, म्हणजे सिलिंडर भरून चालणार्‍या प्रकाराला, एक जादाचे काम करा. २०० बारला भरा आणि दाब खाली येईपर्यंत प्रत्येक छर्‍याचा वेग आणि दाब वहीत लिहा. शाळेच्या आलेख कागदावर मांडा. रेग्युलेटर असेल तर रेषा सपाट चालते आणि एका दाबाखाली एकदम घसरते. तो दाब तुमच्या रायफलचा 'आता भरा' आकडा. रेग्युलेटर नसेल तर रेषा वर चढून मग उतरते. मधल्या सपाट टेकडीवरच सराव करा.

उन्हाळा आणि वेग

सिलिंडरची रायफल उन्हात ठेवू नका. २५ अंशाला २०० बार असलेली हवा ४५ अंशाला साधारण २१३ बार होते. रेग्युलेटर नसलेल्या रायफलमध्ये तो फरक थेट वेगात उतरतो. सकाळी नऊला घेतलेली मोजणी आणि दुपारी दोनची मोजणी एकमेकांशी ताडून बघू नका. वहीत तापमान लिहायचे ते यासाठी.

कार्बन डायऑक्साइडच्या पिस्तुलाचे तर विचारू नका. हा वायू बाटलीत द्रव राहतो तो ३१ अंशांपर्यंतच. त्यापुढे तो द्रवरूपात राहतच नाही, आणि दाब तापमानाबरोबर झपाट्याने वाढतो. आपल्याकडे मार्च ते जून या पिस्तुलावर कोणतीही छर्‍यांची तुलना करायची तर पहाटे करा. बाटली उन्हात वा मोटारीत ठेवणे धोक्याचे आहे.

रडारच्या बॅटरीलाही ऊन लागते. लिथियमच्या बॅटर्‍या ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत. शेडच्या पत्र्याखाली दुपारी ते सहज होते. सावलीत, खोक्यात ठेवा आणि रात्री चार्ज करा.

तर मग निवड

शाळा, बाहेरचे मोकळे मैदान, बजेट थोडे: पडद्यांचे यंत्र घ्या, सेन्सरमधले अंतर मोठे असलेले, आणि सकाळ-संध्याकाळ मोजा. शेडमध्ये कायमची रेंज असेल तर इन्फ्रारेड उजेडाचे घ्या किंवा बॅटरीवरची एलईडी पट्टी बांधा. दोन-चार जण वर्गणी काढून रायफलची तब्येतच पाहणार असतील तर बोगद्याचे यंत्र पुरते. जिल्हा किंवा राज्य पातळीवर खेळणारी दोन-तीन पोरे असतील, वरचेवर छर्‍यांचे नवे डबे तपासायचे असतील, तर रडार घ्या. एक यंत्र सगळ्या तालुक्यातल्या क्लबांनी मिळून वापरले तरी चालते. वर्षातून दोनदाच लागणारी वस्तू प्रत्येकाने घेण्यात शहाणपणा नाही.

आणि क्रोनोग्राफला दिलेल्या पैशातून छर्‍यांचे डबे कमी होणार असतील तर मी सांगेन, आधी छर्रे घ्या. एका कंपनीचे ४.४८, ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिमी डोक्याच्या मापाचे, शक्य तिथे एकाच लॉटचे, लहान डबे मागवा. प्रत्येकाचे दहा-दहा छर्रे टेकवलेल्या रायफलने कागदावर मारा. ग्रुपिंगने, म्हणजे छर्रे कागदावर एकमेकांच्या किती जवळ बसतात त्यावरून, बाद झालेला छर्रा क्रोनोग्राफवर कितीही सपाट आकडे देवो, तो बादच. ग्रुपिंगमध्ये बरोबरी झालेल्या दोन डब्यांत कोण श्रेष्ठ ते मात्र क्रोनोग्राफ ठरवतो.

वहीत दरवेळी लिहायच्या गोष्टी: तारीख आणि वेळ, तापमान, रायफलचा अनुक्रमांक, सिलिंडरचा दाब, डब्यावरचा लॉट, डोक्याचे माप, यंत्राचे नाव आणि ते नळीपासून किती दूर होते. यंत्राचे अंतर लिहायला सगळे विसरतात, आणि मागचे आकडे त्यामुळेच निरुपयोगी होतात. यंत्र विकत घेतल्यावर एकाच रायफलने, एकाच डब्याने, थंडीत एकदा आणि मे महिन्यात एकदा मोजून ठेवा. पुढे कधी आकडा बदलला, तर ही नोंद पाहून कळेल की स्प्रिंग थकली की फक्त हवेचे तापमान बदलले.